ताईचा आवाज आणि माझे ठोकळे

माझ्या ताईचा आवाज जाईपर्यंत मला घड्याळाची गरज पडली नव्हती. माझं सुतारकामाचं दुकान तिच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून आहे. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिचा इंग्रजीचा तास सुरू व्हायचा आणि भिंतीपलीकडून "अँऽऽड!" अशी आरोळी आली, की मी करवत खाली ठेवून चहाला उठायचो. एकोणतीस वर्षं हा क्रम चालला. त्या काळात माझी दोन घड्याळं बंद पडली, ताई एकदाही नाही.

ताई दुसरीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. त्यातही तिचा जीव आहे वाक्यं जोडण्यात. मुलं पहिलीतून येतात ती सुटी सुटी वाक्यं घेऊन. मांजर आहे. मांजर काळं आहे. मला मांजर आवडतं. मांजर चावतं. ही वाक्यं एकमेकांना जोडायला चार शब्द पुरतात, असं तिचं म्हणणं: अँड, बट, ऑर आणि सो. म्हणजे आपले आणि, पण, किंवा, म्हणून. बाकीचे शब्द पुढे आपोआप येतात, मिशा येतात तसे, असं ती वर्गात सांगते. मुलींनासुद्धा हेच सांगते.

लग्नाचं विचारणारे तिला विचारून विचारून दमले. "मला छत्तीस मुलं आहेत," ती म्हणायची, "आणि सासू एकच, मोठ्या बाई." मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. ताई राहते आमच्याच घरी, वरच्या खोलीत. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण वागते चाळीस वर्षांनी मोठी असल्यासारखी. मी चौपन्न वर्षांचा झालो, डोक्यावर केस शोधावे लागतात, तरी भर रस्त्यात तिची हाक "ए धाकट्या!" अशीच येते. गिऱ्हाईक समोर असलं तर जरा जास्तच जोरात येते.

तिचा दुसरा गुण म्हणजे धुणं. शाळेतून घरी आलेली प्रत्येक वस्तू धुतली जाते. लहान मुलं सगळं तोंडात घालतात, हा तिचा सिद्धांत. खडूची पेटी धुतली जाते, पट्ट्या धुतल्या जातात, हजेरीपटाची प्लास्टिकची पिशवीही धुतली जाते. एकदा शाळेची बाकं दुरुस्त करून मी घरी आलो, तर माझी करवत धुऊन गच्चीवर वाळत घातलेली. करवतीला गंज चढला आणि मला राग. माझी बायको मात्र म्हणाली, "बाकी कोणी धुतली असती का तुमची करवत?" मी पॉलिशपेपर घेऊन गंज घासत बसलो.

तिची शिकवायची पद्धत मला पाठ आहे, कारण निम्मी भिंतीतून ऐकू यायची आणि निम्मी ती जेवताना सांगायची. वर्गातल्या प्रत्येक मुलाने रोज घरून एक वाक्य आणायचं. पुस्तकातलं नाही, घरचं. आणि खरं. "खोटं वाक्य कशालाही जोडता येतं," ती म्हणायची, "खऱ्याला जरा डोकं लावावं लागतं." मग कोणाचं तरी वाक्य फळ्यावर जायचं, त्याला जोडीचं दुसरं वाक्य शोधायचं आणि मधे चारपैकी कोणता शब्द बसतो ते मुलांनी ठरवायचं. एका मुलीने आणलं, "माय ग्रँडमदर हॅज नो टीथ." दुसरं वाक्यही तिचंच, "शी ईट्स नट्स." मधे बट बसला, आणि आजी दाणे खाते कशी यावर उरलेला तास गेला. ती कुटून खाते असं शेवटी निघालं. एका मुलाने लिहिलं, "माय फादर स्नोअर्स." बाकावरच्या मित्राने जोडलं, "सो माय फ्रेंड्स मदर स्लीप्स इन द किचन." पालकसभेला ते घोरणारे वडील आले तेव्हा सगळ्या आया त्यांच्याकडे बघून हसत होत्या आणि त्यांना कारण कळेना. मोठ्या बाईंनी ताईला बोलावून सांगितलं, घरची वाक्यं जरा बेतानं घ्या. ताईने मान हलवली आणि काहीही बेतानं घेतलं नाही.

सगळ्यांत अवघड ऑर. दूध हवं की पाणी, असं विचारलं की सात वर्षांचं पोर म्हणतं, दोन्ही. ऑर शिकवायला ताईला दर वर्षी चार दिवस लागतात. ती म्हणते, मोठ्या माणसांना तर चाळीस वर्षं लागतात, त्या मानाने माझी पोरं हुशार.

तर अशी ही बाई, आणि तिचा आवाज गेला. एकदम नाही गेला. आधी घोगरा झाला, मग संध्याकाळी नाहीसा होऊ लागला, मग अकरा दहालाच फाटू लागला. भिंतीपलीकडून आरोळी यायची ती अर्धी. मी म्हणालो, "ताई, डॉक्टरला दाखव." ती म्हणाली, "परीक्षा झाल्यावर." बायको म्हणाली, "आत्ता." माझ्या बायकोचं ती ऐकते. माझं ऐकायची तिला सवय नाही.

घशाच्या डॉक्टरांनी नळीतून बघितलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर दोन गाठी आहेत. साध्या आहेत, पण काढाव्या लागतील. एकोणतीस वर्षं ओरडून झालेल्या आहेत, असंही म्हणाले. गाठी काढल्यावर सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. ताईने विचारलं, "कुजबुजलेलं चालेल?" तर म्हणाले, "कुजबूज बोलण्यापेक्षा वाईट. अजिबात नाही." सहा आठवड्यांनी हळू बोलता येईल. मात्र ओरडणं जन्मात नाही. वर्गात एक आरोळी मारलीत, तर उरलेला आवाजही जाईल.

ताई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी पहिल्यांदा तसा पाहिला. आई गेली तेव्हाही ती आधी स्वयंपाकघर आवरायला उठली होती. त्या दिवशी मात्र दवाखान्याच्या बाकावर नुसती बसून राहिली. आवाजासाठी नाही. वर्गासाठी.

गाठी काढल्या, आणि पुढचं सहा आठवड्यांचं मौन आमच्या घराला जड गेलं. तिने गळ्यात पाटी अडकवली, शाळेतलीच, लाकडी चौकटीची. भांडण त्या पाटीवर लिहून व्हायचं. माझ्यावर तोंडसुख घ्यायचं तर पाटी पुरायची नाही. मग पुसायची, पुन्हा लिहायची, तोवर मी जेवून उठलेला असायचो. एकदा तर मी पाठच फिरवली. म्हटलं, आता लिही काय लिहायचं ते. हे वाईट होतं, मान्य आहे. तिने डाव उचलून पातेल्यावर असा बडवला, की शेजारी धावत आले. त्यानंतर मी पाठ फिरवली नाही.

इकडे शाळेत तिच्या जागी एक नव्या बाई आल्या होत्या. तरुण, हसऱ्या. त्या एक छोटा स्पीकर आणायच्या आणि गाणी लावायच्या. बाई चांगल्या होत्या, मी उगाच नावं ठेवणार नाही. पण अकरा दहाला भिंतीपलीकडून गाणं आलं, की माझा चहा कपातच गार व्हायचा.

पाचव्या आठवड्यात मोठ्या बाई घरी आल्या. सोबत फळं घेऊन आल्या तेव्हाच मला संशय आला. त्यांनी ताईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बाई, निवृत्तीला तुमची दोन वर्षं राहिली. छत्तीस मुलांचा वर्ग बिनआवाजाचा कसा चालणार? तुम्ही ग्रंथालय सांभाळा. तिथे कोणी बोलतच नाही."

ताईने पाटीवर लिहिलं, "तिथे कोणी वाचतही नाही."

मोठ्या बाईंना हसू आलं, पण त्या बधल्या नाहीत. चहा झाला, दुसरा चहा झाला. शेवटी त्यांनीच एक तोड काढली. पुढच्या गुरुवारी वरच्या कार्यालयातून तपासनीस बाई येणार होत्या. ताईने त्यांच्यासमोर एक तास घ्यायचा. डॉक्टरांची बंदी तोवर उठणार नव्हती, म्हणजे एक शब्द न बोलता. तपासनीस बाई हो म्हणाल्या तर वर्ग ताईचा. नाही म्हणाल्या तर नव्या बाईंचा, आणि ताई ग्रंथालयात. ताईने पाटीवर एवढंच लिहिलं, "ठीक." पण ठ वेडावाकडा आला. मोठ्या बाईंनी तो बघितला नाही, मी बघितला.

त्या संध्याकाळी ती माझ्या दुकानात आली आणि पाटीवर तिने मला काम दिलं. तिला हातभर लांबीच्या लाकडी पट्ट्या हव्या होत्या, काळा रंग दिलेल्या, म्हणजे खडूने मुलांची वाक्यं लिहिता येतील. आणि पट्ट्यांच्या मधे बसवायला छोटे ठोकळे, चार रंगांचे. लाल म्हणजे अँड, निळा म्हणजे बट, पिवळा म्हणजे ऑर, हिरवा म्हणजे सो. ती बोलणार नाही, ठोकळा दाखवील. मूल पुढे येईल, दोन पट्ट्यांच्या मधे ठोकळा बसवील आणि अख्खं वाक्य मोठ्याने वाचील. आवाज मुलांचा.

मी विचारलं, "पट्ट्या लहानमोठ्या चालतील?"

तिने लिहिलं, "दोन्हीकडे पुरं वाक्य लागतं. अर्धं चालत नाही. दोन्ही बाजू आपापल्या पायांवर उभ्या हव्यात."

"मग हे आमच्यातलंच झालं," मी म्हणालो. "तुटकी फळी जोडायला घेतली, तर सांध्याला काय अर्थ?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं, "चाळीस वर्षांनी का होईना, उजेड पडला." इंग्रजीत मी तीनदा नापास झालो होतो आणि त्यावर शाळा सोडली होती. त्याचा उल्लेख ती सोडत नाही. पाटीवरसुद्धा सोडला नाही.

मग आमचं वाजलं ते सांध्यावरून. पट्टीच्या टोकाला खाच आणि ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली जीभ, ती खाचेत सरकवायची, असं माझं ठरलं. ताईने लिहिलं, "ढिलं ठेव. मुलांचे हात आहेत." मी म्हणालो, ढिला सांधा माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही. तिने "ढिलं" हा शब्द खाली रेघ मारून पुन्हा लिहिला. मी म्हणालो, "तू इंग्रजी बघ, मी लाकूड बघतो." आणि असा सांधा केला, की जीभ खाचेत सरकली की मधे केस जायचा नाही. हाताने हलकेच दाबलं की टक्कन बसायची आणि ओढलं की सुटायची. चार दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. अठरा पट्ट्या आणि बारा ठोकळे. पट्ट्यांना काळा रंग, ठोकळ्यांना चार रंग. खाचा आणि जिभा मात्र कोऱ्या ठेवल्या, कारण रंग लागला की सांधा बिघडतो. बुधवारी सकाळी सगळं खोक्यात घालून तिच्या खोलीत ठेवलं. मनात म्हटलं, बघू आता काय नाव ठेवते ती.

तिने नाव ठेवलं नाही. बुधवारी दुपारी, मी दुकानात आणि बायको बाहेर असताना, तिने ते सगळं साबणाच्या पाण्यात दोन तास भिजत घातलं. मुलं तोंडात घालतात ना! मग स्वच्छ पाण्याने विसळून, पुसून, गच्चीवर सावलीत ओळीने मांडून ठेवलं. उन्हात ठेवलं तर लाकूड तडकतं, हे तिला माझ्याकडूनच माहीत होतं. संध्याकाळी भरून ठेवलं. मला कोणी सांगितलं नाही. सांगायचं तर पाटीवर लिहावं लागलं असतं आणि तिला त्यात काही सांगण्यासारखं वाटलंच नाही. धुणं ते धुणं.

गुरुवारी खोकं उचलून मीच शाळेत नेलं, कारण जड होतं. शाळेत मला सगळे ओळखतात. माझी हत्यारांची पिशवी खांद्यावर होती, ती असतेच. वर्गात शिरलो तर छत्तीस मुलं उभी राहून ओरडली, "गुऽड मॉर्निंग!" आणि मग त्यांना आठवलं असावं, कारण सगळी एकदम ओठांवर बोट ठेवून बसली. बाईंचा घसा दुखतो म्हणून आपणही हळू बोलायचं, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. ताईने हसून मान हलवली आणि हात असा वर केला, की ओरडा, हवं तेवढं ओरडा. मागच्या बाकावर मोठ्या बाई आणि तपासनीस बाई बसल्या होत्या. तपासनीस बाई सडपातळ होत्या, मांडीवर वही, आणि चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. मी दाराशी थांबलो. जायला हवं होतं, पण पाय निघेना.

ताईने दोन पट्ट्यांवर वाक्यं लिहून घेतली. एका मुलाने लिहिलं, "माय सिस्टर इज स्मॉल." दुसरं, "शी बाइट्स." ताईने चारही ठोकळे हातात धरून दाखवले. मुलं ओरडली, "बट! बट!" निळा ठोकळा घेऊन तो मुलगा पुढे आला, त्याने जीभ खाचेला लावली आणि दाबली. गेली नाही. त्याने जोर लावला. गेली नाही. तो लालबुंद झाला. ताईने ठोकळा घेऊन स्वतः दाबला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. एकही बसेना.

मला लांबूनच कळलं. कोरी जीभ पाण्यात फुगली होती. खाचही आतून फुगून अरुंद झाली होती. केसाची जागा न ठेवणारा सांधा, आणि त्याला दोन तासांची आंघोळ! तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. "धुतलेस?" मी नुसते ओठ हलवले. तिने डोळे वटारले, म्हणजे हो, आणि शिवाय, "ढिलं ठेव म्हटलं होतं ना!" मीही डोळे वटारले. एवढ्यात मागच्या बाकावर तपासनीस बाईंचं पेन वहीवर टेकलं. ताईचा चेहरा उतरला. दवाखान्याच्या बाकावर होता तसा झाला. ती तोंड उघडतेय असं मला दिसलं. तिने आता आरोळी मारली असती. वर्ग वाचवायला तिने उरलेला आवाजही घालवला असता, माझी खात्री आहे.

मी पुढे झालो. दार, खोली, तपासणी, काही विचार केला नाही. पिशवीतून पटाशी आणि छोटा रंधा काढला, पुढच्या बाकावर फडकं अंथरलं आणि मोठ्याने म्हणालो, "दहा मिनिटं द्या. लाकूड फुगलंय." मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. तपासनीस बाई म्हणाल्या, "हे कोण?" कोणी उत्तर द्यायच्या आत मी रंधा मारला आणि लाकडाची पहिली पातळ कुरळी पट्टी बाहेर आली. छत्तीस मुलं उठून बाकाभोवती जमली. वर्गाची शिस्त म्हणतात ती तिथेच संपली. मला वाटलं, मीच तिचा वर्ग बुडवला.

पण ताई ती ताई. तिने खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, "द कारपेंटर इज अँग्री." टाळी वाजवली. मुलांनी माना वळवून वाचलं आणि माझ्याकडे बघून हसली. तिने खाली लिहिलं, "द वुड इज फॅट." मग दोन वाक्यांच्या मधे लाल ठोकळा धरला आणि भुवया उंचावल्या. मुलं ओरडली, "अँड!" एक मुलगी म्हणाली, "नो, सो! वुड इज फॅट, सो कारपेंटर इज अँग्री!" ताईने तिला पुढे बोलावून वाक्यांची जागा बदलायला लावली. हिरवा ठोकळा त्या मुलीच्या हातात दिला. मग वर्गात जुंपली. कारपेंटर अँग्री आहे, बट ही इज वर्किंग. बाई वॉश्ड द वुड, सो इट इज फॅट. हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. ताईच्या चेहऱ्यावरून कळलं असणार. एक जण म्हणाला, "इज ही अवर कारपेंटर ऑर युवर ब्रदर?" ताईने पिवळा ठोकळा खाली ठेवला, लाल उचलला आणि दोन बोटं दाखवली. दोन्ही. सगळा वर्ग हसला. चुकलं की ती कोणाकडेच बोट दाखवत नव्हती. नुसती थांबायची आणि मूल बोलून संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची. मुलंही मग थांबायची आणि स्वतःच दुरुस्त करायची. मी रंधा मारत होतो आणि ऐकत होतो. एकोणतीस वर्षं भिंतीतून मी फक्त तिचा आवाज ऐकला होता. मुलांचा कधी ऐकलाच नव्हता.

तीन ठोकळे आणि सहा खाचा मी सारख्या केल्या. या वेळी ढिल्या ठेवल्या. ज्याची बहीण चावते त्या मुलाला पहिला ठोकळा दिला. टक्क बसला. त्याने दोन्ही पट्ट्या डोक्यावर धरून वाक्य असं वाचलं, की बाजूच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन बघून गेले.

घंटा झाली. तपासनीस बाई पुढे आल्या. पुढच्या बाकावरच्या, समोरचे दोन दात पडलेल्या मुलीला त्यांनी विचारलं, "बाई तर बोलत नाहीत. मग तुम्हांला कळतं कसं?"

"आधी बाई बोलायच्या," ती म्हणाली, "आता आम्ही बोलतो आणि बाई ऐकतात."

तपासनीस बाईंनी ते वाक्य वहीत उतरवलं. मग वही मिटून मोठ्या बाईंना म्हणाल्या, "वर्ग यांच्याकडेच राहू दे. नव्या बाईंना रोज एक तास इथे मागे बसवा." दाराशी जाऊन मागे वळून म्हणाल्या, "आणि पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा सुतार नको." मोठ्या बाई मोठ्याने हसल्या. ताई हसली नाही. ती टेबलाला टेकून उभी राहिली. मुलांनी बाकाखालून लाकडाच्या कुरळ्या पट्ट्या गोळा करून खिशांत भरल्या. तोंडातही घातल्या असतील. ताईने या वेळी कोणाला अडवलं नाही.

दुपारी आम्ही दोघं चालत घरी निघालो. खोकं माझ्या डोक्यावर, पाटी तिच्या गळ्यात. मला तिला काही सांगायचं होतं. नेहमी मी तोंड उघडलं की ती मधेच तोडते, त्यामुळे आमच्यात महत्त्वाचं बोलणं होतच नाही. त्या दिवशी तिला तोडता येणार नव्हतं. अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

मी म्हणालो, "ताई, घरी मला इंग्रजी तूच शिकवायचीस. तिसऱ्यांदा नापास झालो तेव्हा मी तुला म्हणालो होतो, तुला शिकवताच येत नाही. सगळ्यांसमोर. आईसमोर. आणि पुस्तक फेकून सुताराकडे कामाला गेलो होतो."

ती थांबली. तिला आठवत होतं. मला वाटायचं ती विसरली असेल. चाळीस वर्षांत तिने माझ्या नापास होण्याची हजार वेळा थट्टा केली, पण ते वाक्य एकदाही उकरून काढलं नव्हतं.

"ते मी रागात म्हणालो होतो," मी म्हणालो. "चूक होतं ते. तुला शिकवता येतं. मी आज डोळ्यांनी बघितलं. तुझ्याइतकं कोणाला येत नाही."

तिने तोंड उघडलं. मी खोकं सावरत एक बोट वर केलं, "बोलायचं नाही." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मलाही आवरेना. रस्त्यातली माणसं बघत होती. मग तिने खडू काढला, पाटी पोटाशी धरली, बराच वेळ लावून लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. मुलांच्या वहीत लिहिते त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "उशिरा, पण बरोबर." बाजूला मोठी बरोबरची खूण होती.

माझ्या सगळ्या शाळेत मला अशी खूण कधी मिळाली नव्हती. मी तिला ती पाटी दुसऱ्या दिवसापर्यंत पुसू दिली नाही.